सात नंबरचा कान

संस्थेत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. प्राणिगृह सांभाळणाऱ्या काकांनी ठेवलेलं हे नाव इतकं चपखल बसलं होतं की एकदा भर बैठकीत संचालकांच्याही तोंडून तेच निघालं. माणूस वाईट नव्हता. फक्त ‘साधारण’, ‘जवळजवळ’, ‘बऱ्यापैकी’ असे शब्द कानावर पडले की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. जखम किती भरली, याचं उत्तर त्याला आकड्यातच लागे. त्यासाठी तो पारदर्शक कागद जखमेवर अलगद धरायचा, बारीक पेनने तिची कड गिरवायचा आणि मग तो कागद चौकटींच्या कागदावर ठेवून एकेक चौकट मोजत बसायचा.

औषधी वनस्पतींच्या अर्कांनी जखम लवकर भरते का, सूज उतरते का, हे तपासणं हे त्याचं काम. अकरा वर्षांत त्रेचाळीस अर्क तपासून झाले होते आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याच्या तोंडाला पानं पुसली होती. चव्वेचाळिसावा अर्क ज्या वेलाचा होता, तो संस्थेच्याच मागच्या भिंतीवर, टाकीच्या पाइपाला धरून वाढला होता. नमुना ओळखायला दिला तेव्हा वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी भिंग खाली ठेवलं.

“कूळ सांगते. पुढचं नाही सांगता येणार, त्यासाठी फूल बघावं लागतं.”

“कळ्या तर ढीगभर आहेत.”

“आहेत ना. मी इथे आले तेव्हापासून बघतेय. सात वर्षांत एकही उमललेली नाही.”

त्याने वहीत ‘फूल उपलब्ध नाही’ असं लिहिलं आणि पाला सावलीत वाळत घातला.

या खेपेला त्याला नेहमीपेक्षा जास्त घाई होती, आणि तिचं कारण संस्थेत कोणालाच माहीत नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची ताई राहायची. आईवडील गेल्यावर तिनेच लोकांचे कपडे शिवून त्याला शिकवलं होतं. मधुमेहापायी तिच्या उजव्या टाचेवर झालेली जखम नऊ महिने झाले तरी भरायचं नाव घेत नव्हती. आता सर्जननी तारीखच दिली होती: पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीसला पाऊल घोट्याच्या वर कापायचं. ताईचं शिलाई मशीन पायाने चालवायचं होतं. पाऊल गेलं की मशीन गेलं, आणि मशीनशिवायची ताई त्याला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हती.

प्रयोगाला अठरा पांढरे उंदीर होते, सहासहांचे तीन गट. भूल देऊन प्रत्येकाच्या पाठीवर एकाच मापाची जखम केली होती. एक ते सहा नंबरना साधं मलम, सात ते बारांना अर्क घातलेलं, तेरा ते अठरांना बाजारातलं. पांढरे उंदीर सगळे एकसारखेच दिसतात, म्हणून त्यांच्या कानाच्या कडेला चिमट्याने खाचा पाडलेल्या असतात. कुठल्या कानाला, कुठे आणि किती, यावरून नंबर कळतो. उंदरांचं ओळखपत्र काय ते तेवढंच.

चौथ्या दिवशी अर्काच्या गटातल्या जखमा निम्म्या झाल्या. त्याने चौकटी पुन्हा मोजल्या, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजल्या. नवव्या दिवशी मोजायला काही राहिलंच नाही. खपली नाही, व्रण नाही. त्याने डोळे मिटून एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवलं; जखम कुठे होती ते बोटाला सापडलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी काका प्राणिगृहाच्या दारातच उभे होते.

“साहेब, तुमच्या सहा उंदरांचे नंबर गेले.”

“गेले म्हणजे?”

“कान कोरे आहेत.”

मिलिमीटरचा पारा चढला. पिंजरे धुताना उंदरांची अदलाबदल झाली असणार आणि सगळा प्रयोग पाण्यात गेला, असं तो काकांना नको तितक्या मोठ्याने म्हणाला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिंजऱ्यात हात घालून एक उंदीर तळहातावर घेतला.

“हा सात नंबर. शेपूट बघा.”

शेपटीचं टोक डावीकडे वाकडं होतं. पिल्लू असताना ते पिंजऱ्याच्या दारात चिमटलं होतं, आणि असा उंदीर सबंध प्राणिगृहात एकच होता. त्याच्या डाव्या कानाला दोन खाचा असायला हव्या होत्या. दोन्ही कान पातळ, गुलाबी आणि अखंड होते.

मिलिमीटरचा राग जितका पटकन आला तितकाच पटकन ओसरला. काकांची माफीसुद्धा त्याने अर्धवटच मागितली, कारण डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं होतं. मलम पाठीवर लावलं होतं, कानाला बोटही लागलेलं नव्हतं. शिवाय खाच म्हणजे काही ताजी जखम नव्हे. दोन महिन्यांपूर्वीची, कड बरी झालेली जुनी खूण ती. सोमवारी दुपारी त्याने सात नंबरच्या कानाला नवी खाच पाडली, दोन मिलिमीटरची. मंगळवारी दीड. बुधवारी अर्धा. गुरुवारी काहीच नाही. त्या आठवड्यात त्याला जेवणाचीही शुद्ध नव्हती. खुर्ची पिंजऱ्याशी ओढून तो तासन्‌तास त्या कानाकडे बघत बसायचा आणि स्वतःशीच हसायचा. अकरा वर्षांत इतकं गमतीचं काही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

“पण कुठे थांबायचं ते त्याला कळतं का?” एकदा काकांनी झाडता झाडता विचारलं.

“कोणाला?”

“मलमाला.”

“काका, मलमाला काही कळत नसतं.”

“तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले आणि कचरा भरून निघून गेले.

रविवारी तो ताईकडे गेला तेव्हा मलमाची डबी खिशात होती, आणि ती बाहेर काढायची नाही असं त्याने जिना चढताना ठरवलं होतं. ताई पाय स्टुलावर ठेवून हाताने बटणं लावत होती. खोलीत जखमेचा वास होता. तो जावा म्हणून तिने खिडकी सताड उघडी टाकली होती.

“खिशात काय आहे? सारखा चाचपतोयस.”

ताईपुढे त्याला लहानपणापासून खोटं बोलता आलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, कानांसकट. माणसावर हे कधी लावलेलं नाही, लावायचा त्याला अधिकार नाही, काय होईल सांगता येत नाही, हेही सांगितलं.

“उंदरांना लावलंस ना? मग मी काय त्यांच्याहून मोठी लागून गेले?” ती हसली. मग तिने सुई कापडात खोचून ठेवली. “बाळा, मला माझं पाऊल हवंय. लाव तू.”

मलम लावायच्या आधी जखमेची कड गिरवून घ्यायला तो विसरला नाही. सहाशे बारा चौकटी. पुढच्या रविवारी दोनशे नव्वद. त्याच्या पुढच्या रविवारी एक्केचाळीस. तिसऱ्या रविवारी टाच कोवळी, गुलाबी आणि कोरडी होती. त्याने मलम बंद केलं. अठ्ठावीस तारखेला सर्जननी कुठला पाय होता, असं दोनदा विचारलं आणि फाइल उलटसुलट करून पाहिली. दवाखान्याचा जिना ताई कठड्याला हात न लावता उतरली. तिच्या मागून उतरताना मिलिमीटर रडत होता, आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला.

“तुझ्या उंदरांसारखंच झालं रे. कानातली घालायला गेले तर भोकंच नाहीत.” तिला हसू आवरत नव्हतं. “पन्नास वर्षांची भोकं!”

तोही हसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याने ती तारीख वहीत लिहिली, शेजारी उंदरांचे कान भरले ती तारीख लिहिली आणि वजाबाकी केली. ताई उंदरांच्या साडेपाच आठवडे मागे होती. ती वजाबाकी आपण कशासाठी केली, हे त्याला सांगता आलं नसतं.

मग ताईकडे कामाचा ढीग पडला. नऊ महिने अडलेली गिऱ्हाइकं परत आली, आणि दोन रविवार तिने त्याला येऊच दिलं नाही. फोनवर ती दोन-तीन शब्दांत आटपायची, तेही दबक्या आवाजात. शिवताना टाचण्या ओठांत धरायची तिची जुनी सवय होती, त्यामुळे त्याला त्यात काही वाटलं नाही.

बुधवारी काकांनी त्याला बोलावून घेतलं.

“अर्कवाले सहाही खात नाहीत. खाण्याची गोळी पुढे धरली की हुंगतात आणि सोडून देतात. मी चुरा करून घालतोय.”

“कधीपासून?”

“आठवडा झाला. मला वाटलं, गोळ्याच कडक आल्यात.”

त्याने सात नंबरला हातात घेतलं. उंदीर शांत होता, हलका लागत होता. त्याने ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी धरली. मग साध्या मलमाच्या तीन नंबरला धरली. मग पुन्हा सातला.

“किती आलं?” काकांनी विचारलं.

“बऱ्यापैकी कमी,” मिलिमीटर म्हणाला.

काका त्याच्याकडे बघतच राहिले.

त्याने मनात आकडे मांडले. साडेपाच आठवड्यांतून उंदरांचा हा एक आठवडा वजा. अजून साडेचार आठवडे हातात होते. तेवढ्यात उतारा शोधता येईल, कोणाला तरी विचारता येईल. त्याच्या जिवात जीव आला. त्याने ताईला फोन लावला.

“ताई, बरी आहेस ना?”

“हं.”

“तोंडात टाचण्या आहेत का?”

मागे मशीन चालू होतं. ते थांबलं.

“ताई?”

“हं.”

तो तसाच निघाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. भर दुपारचं ऊन मशीनवर पडलं होतं. ताईची त्याच्याकडे पाठ होती आणि उजवं पाऊल पॅडलवर झपाझप चाललं होतं. शेजारी पाण्याचा पेला होता. त्यात एक बारीक नळी होती.

टाचण्या सगळ्या डबीत होत्या.

“ताई.”

ती वळली.

नाकाखालची कातडी हनुवटीपर्यंत सलग होती. कोवळी, गुलाबी, व्रण नसलेली. मधोमध नळी जाईल एवढी जागा उरली होती.

उंदरांवरून मांडलेला हिशेब तिला लागू पडलाच नव्हता. तो तिथेच जमिनीवर बसला.

ताई उठून त्याच्याजवळ आली. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग कापायला काढलेलं काळं कापड पुढे ओढलं आणि खडूने त्यावर लिहिलं: घाबरू नकोस. दुखत नाही.

त्याने मान वर करून पाहिलं. ती डोळ्यांनी हसत होती. हसताना डोळे बारीक झाले होते.

मग हसू ओसरलं. डोळे तेवढेच बारीक राहिले.