शेवटचे ठोके

बसा ना, इथे दिव्याजवळ बसा. कप मात्र त्या घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, लाकडावर नको. आमच्या टेबलाला दुहेरी चादर आहे, दाराला आतून कांबळं ठोकायचं होतं ते मी चिकटवून लावलंय, खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्यात. शेजारीपाजारी म्हणतात, मास्तरांच्या बायकोला चळ लागलाय. म्हणू देत. तुम्ही मेथडिस्ट देवळाचा इतिहास विचारायला आलात. छापलेला हवा असेल तर तो मास्तरांनी लिहिलाय, कपाटात प्रती पडल्यात. माझ्याकडे आहे तो त्यात नाही.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत इतिहास शिकवतात, म्हणून सगळा गाव मास्तर म्हणतो, आणि चिडवता चिडवता मीही म्हणायला लागले. आत झोपलेत आत्ता. हल्ली दिवेलागणीलाच डोळा लागतो त्यांचा.

देवळाला शंभर वर्षं झाली तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांना इतिहास लिहायला सांगितला. मास्तर हरखले. आमची मंडळी मुळात एका सुताराच्या शेडमध्ये जमायची. दुसरीकडे लोक देवळात गुडघे टेकायला जातात, आम्ही गळा मोकळा करायला जातो, तेव्हा रंधा मारणाऱ्या सुताराचं काम गाण्यापायी बंद पडायचं. शेवटी त्यानंच वैतागून देवळासाठी जागा दिली म्हणतात. दारूला न शिवणाऱ्या मंडळीचं देऊळ बांधलं ते एका पट्टीच्या पिणाऱ्या गवंड्यानं, म्हणून मागची भिंत अजून जराशी डुलते. हे सगळं मास्तरांनी चवीनं लिहिलं. मग आला ऑर्गन, भिंतभर नळ्यांचा. आणि तिथे मायलेकांची जुंपली.

सासूबाई चाळीसेक वर्षं देवळात ऑर्गन वाजवत होत्या. त्या म्हणाल्या, “भातेवाल्याला घाल रे इतिहासात.”

“आई, शंभरीच्या दिवशी ते वाचायचं? लोकांना नंतर चहा तरी गोड लागेल का?”

“नाही लागणार. नको लागू दे.”

भातेवाला कोण, ते सांगते. वीज नव्हती तेव्हा ऑर्गनच्या फळीमागे एक अंधारी खोली होती. तिथे मोठा भाता, आणि त्याचा दांडा वरखाली करून हवा भरणारा एक माणूस. वाजवणाऱ्याला तो दिसायचा नाही, त्याला वाजवणारा दिसायचा नाही. त्यातून हा ठार बहिरा. म्हणून खूण ठरली होती. फळीवर दोन ठोके दिले की हवा सुरू, तीन ठोके दिले की बास. तो एका हातानं दांडा हलवायचा आणि दुसरा तळवा फळीला टेकवून ठेवायचा. ठोके त्याला हाताला कळायचे. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नाही.

सासूबाई लहान मुलांच्या बाकावर बसायच्या तेव्हाची गोष्ट. भर उपासनेत पडद्यानं पेट घेतला. पळापळ झाली, पण कुणाला साधा चटकासुद्धा लागला नाही. सगळे बाहेर झाडाखाली जमले आणि आमच्या सवयीप्रमाणे गायला लागले. देवाचे उपकार मानणारं गीत. आतून ऑर्गनचा एकच सूर येत होता, न तुटणारा. वाजवणाऱ्या बाईंचं जाडजूड गीतपुस्तक पट्ट्यांवर पडून राहिलं होतं. भात्यात हवा उरली असेल, असं कुणीतरी म्हणालं. सूर पुष्कळ वेळ चालला. गाणं संपलं तरी चालला. मग तो हळूहळू बसत गेला आणि थांबला, तेव्हा कुठे एकाला भातेवाल्याची आठवण झाली.

त्याला तीन ठोके कुणी दिलेच नव्हते.

पुढे वीज आली, भात्याला मोटार बसली. दांडा करवतीनं कापून टाकला. तरी वाजवणारा पहिल्या गीताआधी दोन आणि शेवटच्या गीतानंतर तीन ठोके देतोच. नव्या लोकांना वाटतं, ही ताल धरायची पद्धत असेल. शंभरीच्या आधी सासूबाई पडल्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि वाजवायचं माझ्या गळ्यात आलं. त्यांनी मला एवढंच बजावलं, “सूनबाई, चुकून दोन विसरलीस तर चालेल. तीन विसरू नकोस.”

आदल्या दुपारी मास्तर ती खोली बघायला गेले, मीही गेले. भिंतीवर अजून काजळी होती. एक बुटकं स्टूल, दांड्याचं वीतभर थोटूक, आणि जुन्या तेलाचा व धुराचा मिळून एक वास. फळीला आतून एका जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं, पंजाच्या आकाराचं. मास्तरांनी गंमत म्हणून त्यावर हात ठेवला.

“बघ गं,” ते हसून म्हणाले, “अगदी माझ्याच मापाचा.”

मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, चला आता.

दुसऱ्या दिवशी देऊळ खच्चून भरलं. मी दोन ठोके दिले, गीतं सुरू झाली. मास्तरांनी इतिहास वाचला. सुतारावर लोक हसले, गवंड्यावर त्याहून हसले. भातेवाल्याचं नाव निघालं नाही. पुढच्या बाकावर सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

शेवटच्या गीताला वीज गेली. मोटार बंद पडली की ऑर्गन धापा टाकून गप्प होतो. मास्तर उठून लगबगीनं मागच्या खोलीत शिरलेले दिसले, आणि बुडत चाललेला सूर पुन्हा वर आला. भरदार, असा की त्या ऑर्गनमधून मी कधी ऐकला नव्हता. मास्तरांनी मोटारीचं काहीतरी जमवलं, असं मला वाटलं. लोक जीव ओतून गायले. गीत संपलं, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, बायका येऊन माझे हात दाबायला लागल्या. त्या कौतुकात मी ठोके विसरले.

लोक चहाला बाहेर गेले. देऊळ रिकामं झालं. तेव्हा मला फळीमागून आवाज ऐकू आला. हुस्स... हुस्स... भाता चालू होता.

“अहो,” मी म्हटलं, “या आता बाहेर, झालं सगळं.”

हुस्स... हुस्स...

मी दार उघडलं. मास्तर त्या बुटक्या स्टुलावर बसले होते. डावा तळवा फळीवरच्या त्या झिजल्या जागी टेकवलेला. उजवा हात वर जात होता, खाली येत होता. मुठीत काहीच नव्हतं. दांडा कधीच कापलेला होता हो, आणि तरी त्या हाताबरोबर एवढा मोठा भाता फुगत होता, बसत होता. डोळे उघडे, घामानं सदरा चिंब. मी ओरडले, खांदा धरून हलवला. त्यांना काही ऐकूच जात नव्हतं. काजळीचा वास असा ताजा होता की मला ठसका लागला.

“ठोके दिलेस का?” मागून सासूबाई म्हणाल्या.

मी धावत जाऊन तीन ठोके दिले. हात थांबला. भाता बसला. आणि मास्तरांचा श्वासही थांबला.

स्टुलावरून ते भिंतीला कलंडले. ओठ निळे पडत चालले. मी त्यांच्या छातीवर बुक्के मारत होते, नुसती किंचाळत होते. सासूबाईंनी मला बाजूला सारलं, डाव्या हातानं फळीवर ठोकलं. एक. दोन.

मास्तरांची छाती वर आली.

“मला दुसरं काही सुचलं नाही गं,” सासूबाई म्हणाल्या, आणि मटकन खाली बसल्या. त्यानंतर त्या देवळात गेल्या नाहीत, आणि वर्षाच्या आत वारल्या.

मास्तरांना यातलं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं ठणठणीत आहेत. शाळेत जातात, शिकवतात. ऐकू मात्र कमी येतं, आणि उजव्या तळव्याला त्या एका दिवसात घट्टे पडले ते अजून गेले नाहीत. एकदा शेजारचा खिळा ठोकत होता. तिसऱ्या घावाला हे जेवता जेवता ताटावर आडवे झाले. मी टेबलावर दोनदा मूठ आपटली म्हणून वाचले. तेव्हापासून या चिंध्या.

मला कळतं हो, तो भातेवाला दमलाय. एवढी वर्षं कुणी त्याला बास म्हटलं नाही. त्याला सुटायचंय, तर सोडावं. पण मी कुणाला सोडू? माझा नवरा आहे तो.

झोपेत मास्तरांचं बोट पलंगाच्या लाकडावर वाजतं. टक... टक... मग थांबतं. तिसरा ठोका कुणीतरी द्यावा, म्हणून वाट बघतं. मी रोज त्यांचा हात हातात धरून झोपते.

ऐकलंत? आत... हो, तेच. दोन झाले.

मी जाते आत. तुम्ही हलू नका. आणि तो कप... हातातच धरून ठेवा.