बोगद्यावरची हाक

त्या दिवशी वेंडी आणि तिचा नवरा क्लाइव्ह यांच्या बोटीचा त्या धक्क्यावरचा चौदावा दिवस होता. कालव्यावर बोटीत राहणाऱ्यांना एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही. शिवाय दुसऱ्या दिवसापासून हिवाळ्याच्या दुरुस्तीसाठी बोगद्यापलीकडचं लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद, महिनाभर बंद होणार होतं. म्हणजे निघायला हवंच होतं. पाण्याची टाकी तळाला गेली होती आणि पाण्याचा नळही पलीकडेच होता.

वेंडी प्रॉसर बोटीच्या पुढच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. दुपारचे दोन वाजले होते. स्पॅरोहिलच्या टेकडीवर धुकं बसलं होतं, पण खाली कालव्यावर नोव्हेंबरचं पिवळं ऊन पडलं होतं. चौपन्नाव्या वर्षी वेंडीला धावायचं वेड लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा दोन खांबांमधलं अंतर धावून ती कठडा धरून खोकत होती. आता बोट चालली की ती काठच्या वाटेने पुढे धावायची, लॉक भरून किंवा रिकामं करून दरवाजे उघडायची आणि नवऱ्याची वाट बघत उभी राहायची. बोटीचा वेग तो काय, चालत्या माणसाएवढा. तिला हरवणं सोपं होतं.

आज मात्र खरी शर्यत होती. बोगदा दोन किलोमीटर लांब, आणि आत चालायला काठच नाही. क्लाइव्ह बोट घेऊन आतून जाणार, वेंडी टेकडीवरच्या जुन्या घोडवाटेने. चढ, मग उतार, मग लॉक भरायला दहा मिनिटं. क्लाइव्ह बोगद्यातून बाहेर येईल तेव्हा लॉकचे दरवाजे उघडे असले तर वेंडी जिंकली. नसले तर महिनाभर संडासाची पेटी रिकामी करायचं काम तिचं.

"आत्ताच नाक दाबायची सवय करून घे, राणीसाहेब," क्लाइव्ह मागून सुकाणूपाशी उभा राहून म्हणाला. त्याच्या हृदयाच्या धमन्यांत दोन जाळ्या बसवलेल्या होत्या आणि जिभेला मात्र काहीही झालेलं नव्हतं.

"पेटी तूच उचलणार आहेस. आणि दोन्ही हातांनी उचल, गेल्या वेळी माझ्या पायावर सांडलीस."

लॉकमध्ये पाणी सोडायची लोखंडी किल्ली तिने कमरेच्या पट्ट्यात मागे खोचली. मागे खोचली की धावताना ती मांडीवर आपटत नाही.

शेजारच्या बोटीवरून डोरीन स्कॅटरगुड बघत होती. डोरीन ऐंशीची. तिचे आईबाप, आजीआजोबा, सगळे कोळशाच्या बोटींवरच जन्मले आणि बोटींवरच म्हातारे झाले. दोन्ही हातांत चहाचा मग धरून ती म्हणाली, "पोरी, वरून जाताना त्या हवेच्या विहिरींत ओरडू नकोस हं."

टेकडीवर पाच विहिरी आहेत. बोगद्यात हवा जावी म्हणून खणलेल्या, वर विटांचे उंच गोल कठडे असलेल्या. प्रत्येक विहिरीपाशी वेंडीने हाक मारायची आणि खालून क्लाइव्हने भोंगा वाजवायचा, असं ठरलं होतं. तेवढ्यावरून कोण पुढे आहे ते कळणार होतं. मजा सगळी त्यातच होती.

"का हो डोरीनबाई?"

"आमच्यात ती हाक म्हणजे वचन असतं. इंजिनं नव्हती ना तेव्हा. बोटीवर आडवी फळी टाकायची, दोन पुरुषांनी तिच्यावर उताणं झोपायचं आणि बोगद्याच्या भिंतींवर पाय चालवत बोट पुढे ढकलायची. बाई बोट ओढायचा घोडा घेऊन वरून जायची. विहिरीतून एक हाक द्यायची, 'पुढे आहे.' आणि पलीकडच्या तोंडाशी उभी राहून दुसरी, 'पोचले.' दुसरी हाक आल्याशिवाय बोट बाहेर काढायची नाही. दोर धरायला कुणी नसलं तर ती वाहत लॉकच्या दरवाजावर जायची."

"आणि दुसरी हाक आलीच नाही तर?"

डोरीनने चहाचा घोट घेतला. "माझ्या आजीच्या बहिणीचा घोडा वर बर्फावरून घसरला. तिनं पहिली हाक दिली होती."

"मग?"

"मग काय... ते दोघे आत थांबले असतील." डोरीन आत वळली. "जा, तुझा नवरा निघाला बघ."

खरंच निघाला होता! कालव्याचा नियम असा, की बोगद्यात डोकावायचं आणि समोरून दिवा दिसला तर थांबायचं. क्लाइव्हने डोकावलं, दिवा नव्हता. एक लांब भोंगा देऊन तो आत शिरला आणि त्या काळ्या तोंडाने सतरा मीटरची बोट हळूहळू गिळली.

"लबाड!" वेंडी ओरडली आणि धावत सुटली.

चढ उभा होता. पण काय पाय लागले होते तिला त्या दिवशी! गार हवा छातीत भरत होती, बुटांखाली पाचोळा चुरत होता, आणि श्वासाला आपोआप ताल सापडला होता. पहिल्या विहिरीपाशी पोचली तेव्हा तिला दमही लागला नव्हता. डोरीनचं बोलणं आठवलं, पण आठवेपर्यंत तोंडातून शब्द गेलेसुद्धा.

"पुढे आहे रे!"

खालून इंजिनाची धडधड आणि भोंगा. ती हसली.

दुसऱ्या विहिरीपाशी धुकं सुरू झालं. झाडं आधी करडी झाली, मग नुसत्या रेघा. "पुढे आहे!" भोंगा आला, पण बराच मागून. ती चांगली चार मिनिटं पुढे होती. एवढी पुढे ती कधीच नव्हती.

तिसऱ्या विहिरीवर गंजलेली जाळी होती. आतून ओल्या विटांचा, काजळीचा वास वर येत होता. तिने कठड्यावर हात टेकून हाक दिली. खालून इंजिनाचा आवाज आला, भोंगाही आला. आणि भोंगा विरल्यावर, अगदी जाळीखालून आल्यासारखा, थकलेल्या पुरुषाचा आवाज आला.

"पोचशील ना?"

वेंडी खळखळून हसली. क्लाइव्हची नाटकं! "पोचणारच! पेटी तयार ठेव!"

ती वळून धावू लागली. दहा-बारा पावलं गेल्यावर तिच्या मनात आलं, की भोंगा तर बराच मागून वाजला होता...

तेवढ्यात मागे टापा ऐकू आल्या.

जवळच्या एखाद्या तबेल्यातलं कुणीतरी घोडा फिरवायला आलं असेल म्हणून ती वाटेच्या कडेला सरकली. घोडा पुढे गेला नाही. तिने वेग कमी केला, टापा कमी झाल्या. तिने वेग वाढवला, टापाही वाढल्या. नाल ठोकलेल्या जड टापा, आणि त्यांच्या शेजारी एका बाईची हलकी, धावती पावलं. घामेजल्या घोड्याचा ऊबदार वास तिच्या मानेपाशी आला. मागे वळून बघावं असं तिला वाटलं, आणि बघू नये असंही. पण तिच्या पायांना काय झालं होतं कोण जाणे. ती अशी धावत होती जशी शाळेतसुद्धा कधी धावली नव्हती. मागची बाई दमली की हिला जोर चढत होता, हिचा श्वास अडखळला की मागची पावलं पुढे रेटत होती. दोघी एकमेकींना ओढत असल्यासारख्या. भीती होती, नाही कसं म्हणू? पण त्या भीतीत एक आनंद होता, आणि तो तिला लपवता येत नव्हता.

चौथी विहीर. ती थांबली. टापाही थांबल्या.

खालून इंजिनाचा आवाज येत नव्हता.

"क्लाइव्ह?"

काहीच नाही. भोंगा नाही. फक्त पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज... आणि मग, खोल खाली, दुसरंच काही. खिळे मारलेले जाडे बूट दगडावर टेकावेत तसं. चप... चप... चप... चप. दोन जोड्या.

बंद पडलेलं इंजिन, काळोख, आणि आत तो एकटा. त्याच्या छातीतल्या त्या दोन जाळ्या. गोळ्यांची डबी स्वयंपाकघरातल्या खणात होती, सुकाणूपासून आठ पावलांवर. हे सगळं वेंडीच्या डोक्यातून एका क्षणात गेलं. फोन काढण्यात अर्थ नव्हता, बोगद्यात फोन लागत नाही.

आता ती शर्यत राहिली नाही. ती जीव तोडून धावली. पाचवी विहीर तिने बघितलीसुद्धा नाही. तिथून उतार लागला आणि मागे एकदम नाल दगडावरून सरकल्याचा कर्कश आवाज झाला. मग काहीतरी प्रचंड जड जमिनीवर कोसळलं. पायाखालची वाट हादरली. घोडा किंकाळला आणि एका बाईचा आवाज आला, हलका, अगदी काकुळतीचा.

"तू जा... तू तरी जा गं..."

वेंडीचा पाय थबकला. कुणी पडलं तर हात द्यावा, इतकी ती साधी बाई. पण खाली क्लाइव्ह होता. डोळ्यांत पाणी आलं तरी ती वळली नाही. ओल्या पायऱ्यांवर ती घसरली, गुडघा फुटला, ती उठली आणि कालव्याच्या काठावर उतरून बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिली.

आत काळोख. दिवा नाही, आवाज नाही.

"क्लाइव्ह!"

मग आत एक पिवळा ठिपका दिसला. तो मोठा होत गेला. बोट येत होती, इंजिनाशिवाय, पाणी न हलवता, जशी एखादी पेटी मेणावरून सरकावी. मागे सुकाणू धरून क्लाइव्ह उभा होता. चेहरा पिठासारखा, पण उभा होता.

पुढचा दोर पकडून वेंडीने दोन वेढे खुंट्याला मारले. बोट करकरत थांबली. ती उडी मारून मागे गेली आणि तिने त्याचे दोन्ही गाल धरले.

"छाती? छातीत दुखतंय?"

"नाही गं, मी ठीक आहे." त्याने सुकाणूखाली बोट दाखवलं. "पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकलं. तिसऱ्या विहिरीपाशी इंजिनच बंद केलं मी."

"मग बाहेर कसा आलास?"

क्लाइव्हने मागे बोगद्याकडे पाहिलं. "मागून धक्का बसला. हळूच. कुणाची तरी बोट टेकली असं वाटलं. मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी ढकलतंय. वळून पाहिलं तर दिवा नाही, काही नाही. नुसते बूट वाजत होते, भिंतींवर. मग माझ्या कानाशी कुणीतरी विचारलं, बाई पुढे आहे ना..."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, आहे. ती पोचली नाही असं कधी झालं नाही."

वेंडी खाली बसली. क्लाइव्हने हातांना काहीतरी काम हवं म्हणून मागची झडप उघडली आणि पाण्यात हात घातला. पंख्याभोवती दोर गुंडाळला गेला होता. जाड, पांढऱ्या सुताचा, आत्ता वळल्यासारखा नवा. एक टोक पंख्यात. दुसरं बोगद्यात गेलेलं, सरळ, ताणलेलं, तारेसारखं.

"सुरी दे," तो म्हणाला.

"कापू नकोस."

"वेंडी, त्या टोकाला काय आहे ते तरी—"

"मी सांगते ना, कापू नकोस!"

आणि आतून, अगदी तोंडाजवळच्या काळोखातून, आवाज आला. घाई नव्हती त्यात. किती वेळ थांबलेत, ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं, असा.

"पोचलीस का...?"

क्लाइव्हने तिचं मनगट पकडलं. "बोलू नकोस. वेंडी, बोलू नकोस."

पण वरच्या वाटेवर पडलेली ती बाई वेंडीच्या कानातून जात नव्हती. हाक तर हिनेही दिली होती. पाचपैकी तीन विहिरींवर, हसत हसत. ती काठावर उतरली, बोगद्याच्या कमानीखाली उभी राहिली आणि दमलेल्या आवाजात, पण स्पष्ट म्हणाली, "पोचले. या बाहेर."

बुटांचा आवाज थांबला.

दोर सैल झाला. मग काठाशी पाणी एकदम खाली गेलं, जसं भरलेली जड बोट जवळून जाताना जातं, आणि परत वर चढलं. त्यांची बोट उचलली गेली आणि काठावर आपटली. आतल्या कपाटातल्या बश्या खळखळल्या. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. कोळशाचा आणि तंबाखूचा वास मात्र तोंडावरून गेला, आणि पाण्यावरची लाट लॉकच्या दिशेने चालत गेली. पलीकडे लॉक रिकामं होतं. कुणी किल्ली लावली नव्हती. तरी आत पाणी शिरू लागल्याचा घो-घो आवाज सुरू झाला.

"संपलं," क्लाइव्ह पुटपुटला. "गेले ते. संपलं ना गं?"

वेंडीने दोर ओढून घ्यायला सुरुवात केली. तो सहज येत होता, हात हात, वेटोळं वेटोळं. शेवटचं टोक काळोखातून काठावर आलं. टोकाला एक पट्टा शिवलेला होता, रुंद, कापडी, आत लोकरीचं अस्तर लावलेला. घोडा जुंपायचा पट्टा असेल असं तिला वाटलं. तिने तो पसरून पाहिला. त्यात घोड्याची मानसुद्धा मावली नसती, बोट ओढणाऱ्या बाईचे खांदे मात्र नेमके मावले असते.

अस्तर कोरडं होतं. आणि ऊबदार.

"टाक ते पाण्यात," क्लाइव्ह बोटीवरून म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "वेंडी... तू काय करतेयस?"

"काही नाही रे. टाकतेय."

असं ती म्हणाली खरी. पण एवढं धावूनही तिच्या पायांत थकवा नव्हता. ते जागच्या जागी हलत होते, निघायची खूण मिळण्याआधी हलतात तसे. पुढे लॉकचे दरवाजे उघडत होते. आणि पट्ट्यातून तिचा डावा हात आधीच बाहेर आलेला होता.