अर्थ विचारायचा राहिला

"साहित्य शिकायलीस म्हणे, तेबी इंग्रजी. मग वाचून दाव की काहीतरी," पाथरीचे नागेशअप्पा पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या सिद्धम्माच्या काळजात जुनी कळ उठली!

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली तिची रुद्राणी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसली होती... नागेशअप्पांचा मुलगा शंभुराज देखणा, कापडाचं दुकान जोरात चाललेलं; अट मात्र एकच, लग्न लगेच लागायचं आणि कॉलेज तिथंच संपायचं. सासरे रामलिंगअप्पांनी मनातून होकार देऊनही टाकला होता. आणि नवरा शिवप्रकाश? बापापुढं तोंड उघडणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी चुडाव्याला, माहेरी, सिद्धम्मालाही असंच बसवलं होतं. बारावीला इंग्रजीत शाळेत पहिली आलेली पोर, पण खरंच शिकलीय का हे बघायला याच रामलिंगअप्पांनी कोनाड्यातला औषधाचा खोका तिच्या हाती दिला होता, "वाच" म्हणून. तिनं त्यावरचं इंग्रजी घडाघडा वाचलं. अप्पा खूश झाले, सुपारी फुटली, पुढं शिकवण्याचा शब्दही दिला... आणि बोरीच्या या घरात आल्यावर तिच्या हाती कुणी कधी पुस्तक दिलं नाही. तिनं सगळं मुकाट गिळलं. चूल, सणवार, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं आजारपण... पण आता तेच लेकीच्या वाट्याला? मुळीच नाही.

रुद्राणीनं कॉलेजचं पुस्तक उघडून एक इंग्रजी कविता वाचली, कुठंही न अडखळता. बैठकीत कुणाला ओ की ठो कळलं नाही.

"लय गोड वाचती पोरगी," नागेशअप्पा म्हणाले. "आता सुपारी फोडायला हरकत न्हाई."

"थांबा." सिद्धम्मा बाहेर येऊन सासऱ्यांपुढं उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं सावरला, आवाज मात्र दबू दिला नाही. "अप्पा, सप्ताहात अर्थ सांगितल्याबिगर तुमी पोथीची एक ओवी पुढं सरकू देत न्हाई. मग आपल्याच घरात हे बिनअर्थाचं वाचन कसं चालंल? विचारा तिला अर्थ."

अप्पांचा चेहरा लालबुंद झाला. पण ज्या नेमापायी गावात त्यांना मान होता, तो पाहुण्यांदेखत मोडायचा कसा? "सांग," ते पुटपुटले.

रुद्राणीनं मान वर केली. "एक बाई हाय. दाराबाहेर मागणी घालणारा सोनं घेऊन उभा हाय. ती आतून सांगायलीय, कडी माझ्या बाजूनं हाय, हातातलं काम उरकलं आन् मला वाटलं, तरच काढीन. अप्पा, माझंबी तेच म्हणणं हाय. मला शिकायचंय."

नागेशअप्पा ताडकन उठले. "ही पोरगी आमच्या घरात टिकायची न्हाई," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून बापलेक जीपमध्ये जाऊन बसले.

"घराची अब्रू घालवलीस, सूनबाई," रामलिंगअप्पा म्हणाले.

"घालवली तर घालवली. माझी हौस, माझं शिक्षण, सगळं या उंबऱ्यावर ठेवलं, चकार शब्द काढला न्हाई. पोरीचं ठेवू देणार न्हाई. उद्या ती एस्टीनं परभणीला कॉलेजात जाणार. आडवायचं असंल तर आधी मला घराबाहेर काढा." डोळे वाहत होते, तरी तिनं ते पुसले नाहीत.

शिवप्रकाश हळूच उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं... मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी, त्या खोक्यावरचं, तू काय वाचलं होतंस गं? अर्थ विचारायचा राह्यलाच."

सिद्धम्मा त्यातलं काहीच विसरली नव्हती. "थंड, कोरड्या जागी ठेवावे. उजेडापासून दूर ठेवावे," ती म्हणाली. "आन् तुमी मला तसंच ठेवलं, अप्पा."

म्हाताऱ्याच्या तोंडून हुंदका फुटला. "चुकलं, लेकी... लय चुकलं." सून म्हणून आणलेल्या तिला ते पहिल्यांदाच लेक म्हणाले होते. डोळे पुसत ते नातीकडे वळले, "रुद्रे, ते पुस्तक आईला दे. ती वाचंल, तू अर्थ सांग. मी ऐकतो."

सिद्धम्मानं पुस्तक घेतलं आणि पाहुण्यांनी रिकाम्या केलेल्या खुर्चीत ती बसली.

"अर्थबी मीच सांगन," ती म्हणाली, आणि वाचू लागली.