दोन शिट्ट्यांमधली कुठली आपली

ठेवा बघू विश्वास. एका तरी शब्दावर ठेवून दाखवा, मग मानते तुम्हाला. यज्ञेश, पाय वर घे रे तख्तावर. नाही, खाली काही नाही. आपलं उगीच म्हटलं.

दुर्गाघाटावरची देवयानी तुम्ही बघितलीय. दर शनिवारी ती मुलांना घेऊन गंगेपलीकडे, रामनगर ओलांडून चकियाच्या जंगलात जायची. पाऊलठसे ओळखा, एका काडीत चूल पेटवा, पाखरू गप्प झालं तर का झालं ते सांगा... असले धडे. लोक हसायचे. निवेदिताचे आजोबा रत्नाकरशास्त्री तर दारात उभं राहून म्हणाले, "पोरीला एक जरी ओरखडा आला, तर हा जंगलीपणा बंद. घाटावरचं एक घर तुला मूल देणार नाही, सांगून ठेवतो."

"ओरखडा येईल की, काका," ती म्हणाली. "पण पोर घरी येईल." तोंडाची आहे ती, माझ्यासारखी!

तर मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. शनिवार, वर अमावास्या. साडेपाचला मुलं गाडीत बसली आणि कळलं, निवेदिता नाही. नऊ वर्षांची पोर. कसल्याशा किड्याचा कोष बघत मागे राहिलेली.

बाकीच्यांना ड्रायव्हरच्या हवाली केलं, काचा लावायला सांगितल्या, आणि टॉर्च घेऊन देवयानी उतरली. गळ्यातली शिट्टी तोंडाला लावणार, तोच जंगलाच्या चौकीवरचा रामदुलार आडवा आला.

"सूरज डूबे के बाद सीटी मत बजाइए, मास्टरनी जी. जवाब आ जाता है."

"उसी के लिए तो बजा रही हूँ, काका. हटिए."

पहिल्याच दिवशी मुलांना तिनं एक गोष्ट घोटून घेतली होती. हरवलात की चालायचं नाही. जवळचं झाड धरायचं, तीन शिट्ट्या मारायच्या, आणि ताई येईपर्यंत झाड सोडायचं नाही. देव आला तरी नाही.

तिनं तीन शिट्ट्या मारल्या. थांबली.

डावीकडून उत्तर आलं. तीन.

मग उजवीकडून. तीन.

रामदुलारनं गमछा तोंडावर धरला. हरवलेली पोर एकच होती ना!

देवयानीनं परत वाजवली. डावीकडची आली, होती तिथूनच. उजवीकडची आली... जरा जवळून.

"चालणारी माझी नाही," देवयानी म्हणाली. "माझी जागा सोडत नाही." आणि डावीकडे शिरली.

रामदुलार तिथंच राहिला. पायाखाली वाळका पाला. ती पाऊल टाकी, चर्र. दुसरं, चर्र. मागून शिट्टी... पण पाला वाजत नव्हता. टॉर्च फिरवला. झाडं. नुसती झाडं.

परत शिट्टी. दहा हातांवर.

पाच हातांवर.

मग नाही वाजली.

कमरेशी गार वारा लागला. कमरेशीच. वर नाही, खाली नाही. जे काही होतं, ते तेवढंच उंच होतं...

पळाली असती तर संपलं होतं. ती वळली. वर्गात दंगा करणाऱ्या पोराला दरडावावं तशी ओरडली, "हरवल्यावर चालायचं नाही, एवढं कळत नाही? ते समोरचं झाड धर! आणि हलायचं नाही!"

...

काही नाही. पानसुद्धा नाही.

ती पाठ फिरवून चालू लागली. मागं बघितलं नाही. बघावंसं वाटलं, पण नाही.

पन्नास पावलांवर निवेदिता सापडली. मोहाच्या झाडाला मिठी मारून उभी, दोन्ही कोपरं सोललेली. "ताई, ती दुसरी मुलगी कोण होती? मला सारखी 'चल' म्हणत होती."

"तू काय म्हणालीस?"

"ताई आल्याशिवाय नाही."

देवयानीनं तिला उचललं आणि गाडीपर्यंत खाली ठेवलं नाही.

रात्री नऊला शास्त्रीबुवांनी नातीची कोपरं दिव्याखाली धरून बघितली. मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी गाडी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी देवयानी परत तिथं गेली. घाबरून बसणारी नाही ती. रामदुलारही आला, रामनाम घेत. तिनं धरायला सांगितलेलं ते समोरचं झाड तेंदूचं होतं. खोडाला दोन्ही बाजूंनी वेढा घातल्यासारखे दोन हातांचे ठसे. पोराचे, एवढे एवढे. ओले. पाऊस पडून दोन महिने झालेले. रामदुलारनं गमछ्यानं पुसले, ते परत ओले झाले. खाली पाला जसाच्या तसा, कुठं एक पान चुरलेलं नाही.

अजून ओलेच आहेत म्हणे.

आता झाड धरून उभ्या त्या दुसऱ्या मुलीला घ्यायला कोण येणार, ते मला विचारू नका. देवश्री, काय बघतेस तोंडाकडे? मी सांगितलं, तुम्ही ऐकलं, झालं. उठा. जा आता.