पडद्यांची मापं

टॅम्सिन व्हाउल्स ओले केस टॉवेलात गुंडाळून परसदारी कपडे वाळत घालायला आली, तर तिच्या बागेत चार अनोळखी माणसं उभी होती.

बाग आपली म्हणायला. हे घर तिच्या नावावर करून विनी मावशी गेल्यापासून तिथे हात लागताच आग उठवणाऱ्या नेटलचं रान माजलं होतं, आणि त्या रानात एक मोडकी खुर्ची कशीबशी तग धरून होती. त्या रानाकडे बघून गवती टोपीवाल्या एक बाई म्हणत होत्या, "किती नैसर्गिक!"

"फुलपाखरांना फार आवडत असेल, नाही?" त्यांच्या यजमानांनी विचारलं.

खरं तर तिने सगळ्यांना फाटकाबाहेर काढायला हवं होतं. पण तिच्या गल्लीत, सॅडलर्स लेनमध्ये, असं कुणी करत नाही. तिथे चोर जरी घरात शिरला तरी लोक आधी त्याला चहा विचारतील. टॅम्सिनने टॉवेल सावरला आणि ती म्हणाली, "हो तर. मुद्दामच ठेवलंय तसं."

झालं होतं असं, की कॅथेड्रलच्या छपरासाठी निधी गोळा करायला वर्षातून एकदा गल्लीतले लोक आपापल्या बागा पाहुण्यांना खुल्या करत. खूण एवढीच, की फाटकावर पिवळा फुगा. शेजारच्या टिंकनेलबाईंनी सकाळी चष्मा न लावता फुगा बांधला, आणि तो बांधला टॅम्सिनच्या फाटकाला! पलीकडे त्यांचे गुलाब बिचारे नटूनथटून पाहुण्यांची वाट बघत राहिले.

टोपीवाल्या बाई आणि मंडळी कौतुक करून निघून गेली. एक मात्र राहिला. उंच, जरासा वाकून उभा, हातात केकची बशी, आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं.

"एक विचारू? रागावणार नसाल तर…"

"विचारा."

"बाग कुठे आहे?"

"तुम्ही तिच्यातच उभे आहात."

"अस्सं! मला वाटलं, मी संकटात उभा आहे." त्याने पँटला चिकटलेली काटेरी फांदी हळूच सोडवली. "आणि हा टॉवेल? तोही कार्यक्रमाचा भाग का?"

"तिकिटातच धरलाय."

"मग माझे पैसे वसूल झाले."

टॅम्सिन खळखळून हसली. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना.

त्याचं नाव जॉस चेडझॉय. कॅथेड्रलच्या गायकवृंदात नुकताच रुजू झाला होता, खर्जात गायचा. घरमालकिणीने खोलीत रियाज करायला बंदी घातली होती, कारण त्याचा आवाज लागला की तिच्या कपाटातल्या कपबश्या थरथरत. चालत प्रार्थनेला जाता येईल असं छोटंसं घर तो शोधत होता. बोलता बोलता त्याची नजर फाटकाशेजारच्या 'विकणे आहे' पाटीकडे गेली.

"का विकताय?"

गल्लीत हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता, पण ओठांवर एकाच्याही आला नव्हता. टॅम्सिनने सरळ उत्तर दिलं. "हिवाळ्यात चारला अंधार पडतो. बाजारातून चीजची गाडी आवरून घरी आलं की बोलायला चिटपाखरू नसतं. न्यूकॅसलला माझ्या मैत्रिणीचं, डिलिसचं, चीजचं दुकान आहे. ती बोलावतेय. इथे थांबायला मला कारण उरलेलं नाही."

त्याने केकची बशी मोडक्या खुर्चीवर ठेवली. मग म्हणाला, "घर बघू?"

घर त्याने पाहिलं आणि आठवड्याभरात किंमत बोलून मागणी घातली. टॅम्सिनने ती मान्य केली. आता तिकडचा घराचा सौदा म्हणजे या पोळ्याला सुरू झाला तर पुढचा पोळा आला तरी संपायचा नाही! दोन्हीकडचे वकील महिनोन् महिने एकमेकांना पत्रं लिहीत बसतात. कागदांची अदलाबदल होईपर्यंत कायद्याने कुणीही माघार घेऊ शकतो. पण घेतली, तर गल्ली त्याला सात पिढ्या माफ करत नाही.

या लांबलेल्या सौद्यात जॉस पडद्यांची मापं घ्यायला येऊ लागला.

पहिल्यांदा आला तेव्हा टेप घेऊन आला. दुसऱ्यांदा टेप विसरून आला. नंतर नंतर तर टेपचा विषयही निघेना. तो स्वयंपाकघरात बसायचा, टॅम्सिन चीजचे तुकडे पुढे सरकवायची, आणि बाहेर पावसाची भुरभुर चाललेली असायची.

"हे कसं आहे?"

"छान आहे."

"मघाचंही छान होतं. त्याच्या आधीचंही. तुला काही कळतं का त्यातलं?"

"चीजमधलं? छे! मी तुझ्याकडे बघून ठरवतो. तुला आवडलेलं असलं की तुझी डावी भुवई वर जाते."

"माझ्या भुवया बघायला येतोस की खिडक्या?"

"खिडक्याच…" तो गडबडून खिडकीकडे बघायला लागला. कान मात्र लाल झाले होते.

कुंपणापलीकडून टिंकनेलबाईंचं लक्ष होतंच. "काय गं पोरी, ती खिडकी रोज वाढते का? रोज मोजावी लागते म्हणून विचारलं हो."

"ओलीने फुगत असेल, टिंकनेलबाई."

"फुगतंय खरं काहीतरी," बाई म्हणाल्या आणि गुलाबाकडे वळल्या.

एका संध्याकाळी टॅम्सिन प्रार्थनेला गेली. तिथे गायक समोरासमोर दोन रांगांत बसतात आणि ऐकणारे त्यांच्यामागे. तिला जागा मिळाली ती नेमकी जॉसच्या समोर. पांढऱ्या झग्यात तो कुणी वेगळाच दिसत होता. खर्जातला त्याचा सूर जमिनीतून आल्यासारखा तिच्या तळपायांपर्यंत पोचला आणि तिच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात त्याने मान वर केली. नजरानजर झाली…

पाद्रीबुवांची प्रार्थना अजून अर्ध्यावरच होती. सारं कॅथेड्रल चिडीचूप. आणि त्या शांततेत एकट्या जॉसचा आवाज घुमला — "आमेन!"

गायकवृंदाच्या प्रमुखांनी डोळे मिटून घेतले. अर्धी सॅडलर्स लेन त्या संध्याकाळी तिथे हजर होती. सगळ्यांच्या माना वळल्या त्या जॉसकडे नाहीत, टॅम्सिनकडे!

दुसऱ्या दिवशी बाजारात तिच्या गाडीवर नेहमीपेक्षा जास्त गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाने पाव किलो चेडर घेतलं आणि जाता जाता हवापाण्याचं बोलावं तसं म्हटलं, "काल आमेन जरा लवकर झाला, नाही?"

"उन्हाळ्यात होतो असा," टॅम्सिन तोंडावरची सुरकुतीही न हलवता म्हणाली. आतून मात्र ती उकळत्या दुधासारखी वर येत होती. तिला तो आवडत होता. आवडत काय, त्याच्या पावलांचा आवाज फाटकाशी आला नाही तर तिला चहा गोड लागत नव्हता.

आणि कागदांची अदलाबदल येत्या गुरुवारी ठरली होती.

म्हणजे गुरुवारी घर जॉसचं होणार आणि ती न्यूकॅसलच्या गाडीत बसणार. तो एकदाही 'जाऊ नकोस' म्हणाला नव्हता. बोटांनी भिंती वाजवून बघायचा, जिन्याच्या कठड्यावरून मायेने हात फिरवायचा. त्याचा जीव घरात अडकलाय, घरवालीत नाही, असं तिच्या मनाने घेतलं. बुधवारी तिने डिलिसला फोन लावला.

"मी येतेय गं. ठरल्याप्रमाणे."

"आवाज असा का? मयताला चाललीस?"

"डिलिस, एक मुलगा आहे…"

"वाटलंच! हे बघ, जानेवारीत तू फोनवर हमसून रडलीस म्हणून मी तुला बोलावलं. आता रडतेस का?"

"नाही."

"मग इथे येऊन रडणार असशील तर येऊ नकोस. मला रडकी बाई दुकानात नको. गिऱ्हाइकं बिचकतात."

टॅम्सिनने फोन ठेवला आणि रात्री ती गाढ झोपली. तिचं ठरलं होतं. जॉसच्या मनात ती असो की नसो, एकटीने का होईना ती इथेच राहणार होती. गुरुवारी सकाळी तिने आपल्या वकिलांना, पार्जेटरना, फोनवर सांगितलं, की घर विकायचं नाही.

पलीकडे पेन टेबलावर पडल्याचा आवाज आला. "हे… जरा अनपेक्षित आहे," पार्जेटर म्हणाले. त्यांच्या तोंडी हे म्हणजे आभाळ कोसळल्यासारखंच. "कारण पाच मिनिटांपूर्वीच तिकडूनही—" पण तिने पुढचं ऐकलंच नाही.

आता जॉसची माफी मागायला हवी होती. इतके दिवस झुलवून त्याला घर नाकारायचं म्हणजे गुन्हाच. तिने गाडीवरचं सगळ्यात जुनं, सगळ्यात चांगलं चीज कागदात बांधलं आणि दार उघडलं. दारात जॉस उभा होता. केस भुरभुर पावसाने भिजलेले आणि हातात मधाची बरणी.

"माफ कर—" दोघं एकदमच म्हणाले.

"आधी तू."

"नाही नाही, आधी तू."

"मी घर विकत नाहीये!"

"मी घर घेत नाहीये!"

दोघंही एकमेकांकडे बघतच राहिले.

"काय?" जॉस फुरंगटला. "तू मला घर नाकारतेस?"

"आणि तू? काय वाईट आहे रे माझ्या घरात?"

"ओल आहे."

"ओल या गल्लीत सगळ्यांच्याच घरात आहे!"

"टॅम्सिन," त्याने बरणी उंबऱ्यावर ठेवली. "मी सही केली की तू जाणार. माझ्याच हाताने तुला गाडीत बसवायचं… नाही जमलं मला. म्हटलं, मी माघार घेतली तर दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तरी तू इथे राहशील. लबाडी आहे, कबूल. म्हणून मध आणला."

"मग थांब म्हणायला काय झालं होतं?"

"तुला जायचं होतं. कुणाच्या वाटेत असं आडवं पडू नये, असं आम्हाला शिकवलंय."

"आम्हालाही तेच शिकवलंय," टॅम्सिन म्हणाली, "म्हणून तर या गल्लीत निम्मी माणसं एकेकटी म्हातारी होतात." तिने चीजचं पुडकं त्याच्या हातात कोंबलं. "जॉस चेडझॉय, नीट ऐक. माझं प्रेम आहे तुझ्यावर. मीच बोलून टाकते, कारण तुझ्यावर सोडलं तर नाताळ उजाडेल. मी कुठेही जात नाहीये. घर विकणार नाही. पण तू त्यात राहायला आलास तर मला हवं आहे."

त्याने तिचा चेहरा मोकळ्या, ओल्या हातात धरला आणि तिच्या ओठांवर ओठ टेकले. चीज दोघांच्या मध्ये चेंगरलं.

"अखेर एकदाचं!" कुंपणापलीकडून टिंकनेलबाई म्हणाल्या आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. सॅडलर्स लेनमध्ये एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे.

"आणि न्यूकॅसल?" बऱ्याच वेळाने जॉसने विचारलं. "तुझ्या मैत्रिणीला वाईट वाटेल."

"न्यूकॅसल कुठे पळून चाललंय? जाऊ ना दोघं. डिलिसला भेटू, चार दिवस राहू…" टॅम्सिनने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आणि मग आपल्या घरी येऊ."