तगांक

रेश्मानं सासऱ्यांना घास भरवला की छताच्या कोपऱ्यातला बारीक डोळा त्याची नोंद करायचा. इचलकरंजीत आता अशी घरं गल्लोगल्ली होती. हृदयाची झडप बदलायची तर आधी आठवडाभर घरात हा डोळा आणि रुग्णाच्या मनगटावर पट्टी. माणूस किती वेगानं चालतो, पेला स्वतः उचलतो का, विचारल्यावर उत्तर देतो का, सगळं टिपायचं. त्यातून निघायचा तगांक. म्हणजे अशा शंभर माणसांची झडप बदलली तर महिन्यानंतर त्यांतली किती तगलेली असतील, तो आकडा.

छाती फाडायचे दिवस कधीच गेले होते. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी वर सरकवायची, घडी घातलेली नवी झडप जुनीच्या आत उघडायची, की माणूस दोन-तीन दिवसांत घरी. भीती उरली होती ती दवाखान्यांना. जिथं माणसं जास्त दगावत, तिथली मान्यता जायची. म्हणून ब्याण्णवच्या खालच्या माणसाला हातच लावायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं.

रेश्माचे सासरे दत्तोबा माळवदे म्हणजे उभा जन्म यंत्रमाग दुरुस्त करण्यात घालवलेला जॉबर. झडप आवळून दगड झालेली. दोन पायऱ्या चढल्या की डोळ्यांपुढं अंधारी. बदलली नाही तर वर्ष निघणार नव्हतं. रेश्मानं त्या आठवड्यात त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आंघोळ घातली, दाढी केली, संडासापर्यंत धरून नेलं. पडद्यावरून डॉक्टरांनी काही विचारलं की उत्तरही हीच द्यायची. आजारी सासऱ्याला तोंड उघडावं लागलं, मग सून कशाला आहे घरात?

तगांक आला एक्क्याऐंशी.

हे गणित बसवणाऱ्या डॉ. इरावती किणीकर कोल्हापुरात होत्या. रेश्मा थेट त्यांच्या खोलीत घुसली. बाईंनी आवाज न चढवता समजावलं. यंत्राला हजारो जुने रुग्ण दाखवलेत. जे स्वतः जेवले, स्वतः चालले, ते जास्त तगले. तुमचे सासरे आठवडाभर आपणहून उठलेच नाहीत.

"मी उठू दिलं नाही त्यांना."

"यंत्राला ते कसं कळणार? त्याला न उठलेला माणूस दिसतो."

"मग ज्यांना तुम्ही नाही म्हणालात, त्यांतले किती तगले असते?"

"ते कळायला त्यांची झडप बदलावी लागली असती."

रेश्माला वाटलं, टेबल उलथून टाकावं. नापास केलेली माणसं घरी बसून मरतात, त्यांचा आकडा चुकला होता का हे कधी कुणी तपासत नाही, आणि पास केलेली जगली की यंत्राची वाहवा. याला विज्ञान म्हणायचं, तर बुवाबाजी कशाला म्हणायचं?

निरीक्षण आणखी एकदाच करून मिळायचं. अट एक, रुग्णाला पढवायचं नाही. पट्टी बोलणंही ऐकायची. पढवल्याचं कळलं की प्रकरण कायमचं बंद.

रेश्मानं नवऱ्याला, सुहासला, रस्त्यावरच सगळं सांगून ठेवलं. सासऱ्यांना काही सांगितलं नाही. डोळा पुन्हा बसला त्या सकाळी तिनं चहा ओट्यावर ठेवला आणि ती कपडे धुवायला बसली. आतून हाका सुरू झाल्या. सुहास उठायला लागला तसं तिनं त्याला नजरेनंच खाली बसवलं.

"काय गं, मेले काय सगळे?"

"ओट्यावर हाय चहा. घ्या."

म्हातारा पेटला. भिंत धरत आला, चहा घेतला, अर्धा सांडला, आणि फडकं टाकून स्वतःच पायानं फरशी पुसली. शेजारची मालनकाकू दारात येऊन ऐकवून गेली, की आजकालच्या सुनांना सासरे जड झालेत. त्या रागात दत्तोबा दर चार पावलांना थांबत, धापा टाकत कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसले. रेश्मा खिडकीतून जीव मुठीत धरून बघत होती. वाटेत पडले असते, तर तिनंच मारलं असं गावानं म्हटलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

तगांक त्र्याण्णव. नळी गेली, झडप उघडली, आणि महिनाभरात दत्तोबा मंडईतून भाजी आणायला लागले. पण रेश्माच्या हातचं पाणी घेईनात.

तिनं सगळं सांगून टाकलं. पट्टी, अट, आकडा. हे खरं आहे म्हणून सुहासनं शपथ घेतली.

"तुझ्यामुळं जगलो, नाही कुठं म्हणतोय," दत्तोबा म्हणाले. "पण पोरी, त्या आठवड्यात एका संध्याकाळी तू पायरीवर शेंगा खात बसली होतीस. मी आतून हाका मारत होतो. शेवटी दारापर्यंत आलो, तेव्हा तुझं तोंड बघितलं मी."

"नाटक होतं ते, मामंजी."

"असंल."

ते उठले आणि माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायले. रेश्माला ती संध्याकाळ चांगली आठवत होती. शेंगा भाजलेल्या होत्या, गरम होत्या. हाका ऐकू येत होत्या, आणि आकडा तिच्या डोक्यातही नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदाच ती एकेक शेंग फोडून सावकाश खात होती, आणि तिला उठावंसं वाटलं नव्हतं.