रिकाम्या सीटचा पट्टा

फोनवरून निरोप मिळताच तपास अधिकारी बाई निघाल्या. शिकाऊ विमान धावपट्टीच्या टोकाला नाक टेकून पडलं होतं. प्रशिक्षकांनी तर निकालही देऊन टाकला होता.

“पोरगी एकटीच होती. उतरताना गडबडली, पुढचं चाक मोडलं. यापुढे तिला विमानाला हात लावू देणार नाही. मी ऑफिसातून पळत आलो.”

डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यापासून प्रशिक्षकांचं उड्डाण बंद होतं. ते नुसतं वर्गात शिकवत. त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला, उजवा खांदा जपत. इतकं घोटवलेलं उत्तर बाईंना कधीच आवडत नसे.

त्या विमानात वाकल्या. डावी सीट शिकणाऱ्याची, उजवी शिकवणाऱ्याची; दोघांपुढे एकेक दांडा, पुढे ढकलला की विमानाचं नाक खाली जातं. उजवा पट्टा उघडा लोंबत होता.

“कुणी हात लावला याला?”

“छे! मी आल्यापासून इथून हललो नाही,” मेकॅनिक म्हणाला. “माझं वर्कशॉप हे समोर, तरी सर माझ्याआधी पोचले होते.”

ऑफिस तर पार पलीकडच्या टोकाला होतं.

वर्गात मुलगी खाली मान घालून बसली होती.

“एकटी उडतेस तेव्हा शेजारच्या पट्ट्याचं काय करतेस?”

“सीटला आवळून बांधते. सुटा राहिला तर दांड्यात अडकतो. त्याशिवाय इंजिन सुरूच करत नाही.”

“आजही बांधलास?”

“हो... एकटीच होते मी.”

बाईंनी प्रशिक्षकांना आत बोलावलं.

“पट्टा उघडा आहे, कारण त्यात माणूस होता. उजव्या सीटचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, आणि तुमचा तोच खांदा दुखावलाय. ऑफिसातून पळत येणारा मेकॅनिकच्या आधी पोचत नाही. तुम्ही विमानातच होता.”

“काहीतरीच! विचारा तिला.”

बाई मुलीकडे वळल्या. बाईंना तिची कीव आली आणि रागही.

“अगं, हे म्हणतात, तुला पुन्हा विमानाला हात लावू देणार नाही.”

मुलीने झटकन वर पाहिलं. “सर? तुम्ही म्हणालात, शिकणाऱ्याची चूक पोटात घालतात, पण तुम्ही विमानात होता हे कळलं तर तुमची नोकरी जाईल. परवाना मिळवून देईन म्हणालात!”

प्रशिक्षकांचा चेहरा खर्रकन उतरला. “अजून उंचावर आहोत असं वाटलं मला...”

“जमीन आली होती, सर,” ती म्हणाली. “मी नीट उतरवत होते. दांडा तुम्ही पुढे ढकललात.”